हाफबॅक ते सेकंड लेफ्टनंट

पहाटे भिंगारच्या रस्त्याला लागलं की कडेकडेने पळणारी पोरं भेटतात. कुणी पारनेरकडचा, कुणी श्रीगोंद्याचा, कुणी पाथर्डीचा. चौघांत मिळून नगरात एक खोली घेतलेली असते आणि एकाच्या हातातल्या मोबाइलवर घड्याळ लावलेलं असतं. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढले की भरतीच्या मैदानात धावण्याचे पूर्ण गुण पदरात पडतात. या जिल्ह्यात फौज ही घरातली गोष्ट आहे. रणगाड्यांचं आर्मर्ड कोअर सेंटर इथे आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे आहे आणि भुईकोट किल्लाही लष्कराच्याच ताब्यात आहे. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने हा किल्ला पहिल्यांदा घेतला. १८१७ नंतर तो कायमचा इंग्रजांकडे गेला आणि छावणी नगरात रुजली.

फुटबॉलही आपल्याकडे छावण्यांच्याच वाटेने आला. ड्युरँड स्पर्धा १८८८ मध्ये सिमल्याला सुरू झाली, मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ मध्ये. रोव्हर्सचा पहिला विजेता संघ वूस्टरशायर रेजिमेंटचा. पुढची पंचेचाळीसेक वर्षं या चषकावर गोऱ्या पलटणींचीच नावं कोरली जात राहिली. हिंदुस्थानी संघाचं नाव त्यावर यायला १९३७ साल उजाडलं, आणि तो संघ होता बंगळूर मुस्लिम. छावणीतल्या गोऱ्या शिपायाला फुटबॉल खेळायला लावायचं, कारण त्याने अंग चपळ राहतं आणि संध्याकाळी तो दारूच्या गुत्त्यापासून लांब राहतो, असा साहेबांचा हिशेब असे. मैदानात बाकी सगळे भेद थोडे सैल व्हायचे, पण एक भेद तसाच राहायचा. हुकूम कुणी सोडायचा आणि कुणी ऐकायचा, हे कातडीचा रंग पाहून ठरलेलं होतं. काळा माणूस गोऱ्या शिपायाला हुकूम सोडू शकत नव्हता. छावणीच्या गावात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आजोबा-पणजोबांच्या गोष्टींत ‘साहेब’ कोण असायचा, ते आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून वॉल्टर टल या माणसाची गोष्ट नगरात बसून सांगावीशी वाटते. तो नगरला कधी आला नाही, हिंदुस्थानातही नाही. पण पैसे घेऊन फुटबॉल खेळणाऱ्यांच्या पहिल्या पिढ्यांतला हा खेळाडू १९१७ मध्ये ब्रिटिश फौजेत अधिकारी झाला आणि गोऱ्या शिपायांनी त्याचा हुकूम लढाईत ऐकला. तसं होऊ नये म्हणून नियम होता, आणि तो छापील होता. तो नियम असताना हे कसं घडलं आणि घडल्यानंतर नियमाचं काय झालं, याचा आपल्याशी जवळचा संबंध आहे.

*

टलचा जन्म २८ एप्रिल १८८८ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या फोकस्टन गावातला. बाप डॅनियल हा कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरचा सुतार. डॅनियलचे आईबाप उसाच्या मळ्यातल्या गुलामगिरीतून आलेले. ऊसतोडीचं आयुष्य नगर जिल्ह्याला नवं नाही, पण बार्बाडोसला माणूसच विकला जायचा. डॅनियल समुद्र ओलांडून इंग्लंडला आला, कामाला लागला आणि केंट परगण्यातल्या अ‍ॅलिस पामर या गोऱ्या मुलीशी त्याने लग्न केलं. वॉल्टर सात वर्षांचा असताना आई गेली. बापाने अ‍ॅलिसच्याच नात्यातल्या क्लाराशी दुसरं लग्न केलं, आणि दोन वर्षांत बापही गेला. घरात लेकरं बरीच, मिळवतं कुणी नाही. थोरला एडवर्ड आणि वॉल्टर या दोघांना क्लाराने लंडनमध्ये बेथ्नल ग्रीन भागातल्या मेथडिस्ट पंथाच्या अनाथाश्रमात पाठवलं.

आश्रमाचे गायक मुलगे गावोगाव कार्यक्रम करून देणग्या जमवायचे. एडवर्डचा गळा गोड होता. अशाच एका दौऱ्यात ग्लासगोच्या वॉर्नॉक कुटुंबाला तो आवडला आणि त्यांनी त्याला दत्तक घेतलं. एडवर्ड पुढे शिकून दंतवैद्य झाला. वॉल्टर आश्रमातच राहिला. त्याने छापखान्याचं काम शिकायला घेतलं आणि आश्रमाच्या संघातून फुटबॉल खेळू लागला. दोघं भाऊ लांब पडले, तरी पत्रव्यवहार शेवटपर्यंत राहिला. टलबद्दल आज जे कळतं, त्यातलं बरंच एडवर्डने जपून ठेवलेल्या कागदांमुळे कळतं.

१९०८ मध्ये तो क्लॅप्टन या हौशी क्लबात गेला. त्या एकाच हंगामात क्लॅप्टनने एफ. ए. अ‍ॅमॅच्युअर कपासह तीन चषक जिंकले. वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली आणि १९०९ मध्ये टॉटनहॅम हॉटस्परने त्याला बोलावलं. टॉटनहॅम त्याच वर्षी पहिल्या श्रेणीत चढला होता. आधी क्लबाबरोबर अर्जेंटिना आणि उरुग्वेचा दौरा झाला, मग करार. सही केल्याचे दहा पौंड आणि आठवड्याला चार पौंड पगार. चार पौंड हा तेव्हा इंग्लंडमधल्या फुटबॉलपटूला देता येणारा सर्वांत मोठा पगार होता. फुटबॉल असोसिएशनने १९०१ पासून ही मर्यादाच घालून दिली होती. धडाधड गोल मारणारा असो की राखीव गडी, चार पौंडांच्या वर कुणाला काही मिळायचं नाही. शिवाय हंगाम संपल्यावरही खेळाडू क्लबाच्या मालकीचा राहायचा. क्लबाने सोडलं नाही तर दुसरीकडे खेळता येत नसे. व्यावसायिक म्हणवणारा हा माणूस आपल्या व्यवसायाचा धनी नव्हता.

इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत टलच्या वर्णाचे मैदानी खेळाडू त्या काळात फार विरळ. त्याच्या आधी आर्थर व्हार्टन हा गोलरक्षक होऊन गेला होता, आजच्या घानात जन्मलेला. पण दर शनिवारी मैदानाच्या मध्यभागी, पंचवीस-तीस हजार लोकांच्या नजरेसमोर चेंडू खेळवणं ही गोष्ट वेगळी. टल इनसाइड फॉरवर्ड खेळायचा. अंगाने भक्कम, पळण्यात फार वेगवान नाही, पण चेंडू पायाशी आला की घाई न करणारा. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्यात त्याच्यावर धसमुसळेपणा झाला आणि टॉटनहॅमला पेनल्टी मिळाली. पत्रकारांनी त्याच्या थंड डोक्याचं कौतुक केलं.

मग ऑक्टोबर १९०९ मध्ये ब्रिस्टलचा सामना आला. ब्रिस्टल सिटीच्या काही प्रेक्षकांनी त्याला त्याच्या रंगावरून इतक्या घाण शिव्या दिल्या की ‘फुटबॉल स्टार’ या पत्राच्या बातमीदाराने त्या प्रेक्षकांना छापून सुनावलं. त्याचं म्हणणं असं होतं की ती भाषा मासळीबाजारातल्या भाषेपेक्षाही खालची होती, आणि मनाने, खेळाने टल इतका स्वच्छ आहे की इंग्लंडातल्या गोऱ्या खेळाडूंनी त्याचा आदर्श घ्यावा. गुणवत्तेने पाहिलं तर त्या दिवशी मैदानावरचा सर्वांत उत्तम फॉरवर्ड टलच होता, हेही त्याने नोंदवलं.

टॉटनहॅमने मात्र काय केलं? त्यानंतर त्याला पहिल्या संघातून खेळवणं जवळजवळ थांबवलं. राखीव संघात तो गोल करत राहिला. पहिल्या संघासाठी त्याचे लीगचे सामने भरले अवघे दहा, गोल दोन. क्लबाने कारण कधी सांगितलं नाही. खेळ कमी पडला असं म्हणावं, तर वर्तमानपत्रांतले वृत्तान्त तसं म्हणत नाहीत. माझं मत असं की क्लबाने आपल्या खेळाडूच्या पाठीशी उभं राहण्यापेक्षा त्याला नजरेआड करणं सोपं मानलं. शिव्या प्रेक्षकांनी दिल्या आणि शिक्षा खेळाडूला झाली.

मराठी वाचकाला इथे बाळू पालवणकर आठवल्याशिवाय राहणार नाहीत. बाळूंचे वडील पुण्याला ११२ व्या इन्फन्ट्रीत होते, म्हणजे हेही छावणीतलंच घर. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पूना जिमखान्यावर महिन्याला चार रुपयांवर मैदानाची कामं करायचा आणि गोऱ्या साहेबांना सरावाला गोलंदाजी टाकायचा. पुण्याच्या हिंदूंच्या संघात त्यांना घेतलं गेलं ते त्यांच्या गोलंदाजीवाचून चालेना म्हणून. पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. हिंदूंच्या संघाचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळालं. १९११ च्या उन्हाळ्यात बाळू अखिल हिंदुस्थानी संघातून इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. त्याच उन्हाळ्यात टल टॉटनहॅमच्या राखीव संघात अडकून पडला होता. त्याच जुलैच्या २९ तारखेला कलकत्त्यात मोहन बागानचे खेळाडू, बहुतेक अनवाणी, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या शिपायांना २-१ हरवून आय. एफ. ए. शील्ड घेऊन गेले. ही दोन माणसं आणि हा संघ एकमेकांना भेटल्याचा काही पुरावा नाही आणि भेटायची गरजही नव्हती. एकाच वर्षी, एकाच साम्राज्यात, तीन मैदानांवर एकच गोष्ट सिद्ध होत होती. ती मान्य करायला मात्र मंडपातले लोक तयार नव्हते.

*

ऑक्टोबर १९११ मध्ये नॉर्थहॅम्प्टन टाउनने टलला विकत घेतलं. बरीच मोठी रक्कम आणि चार्ली ब्रिटन नावाचा बचावपटू टॉटनहॅमला देऊन हा सौदा झाला. सौदा करणारा व्यवस्थापक होता हर्बर्ट चॅपमन. पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल या दोन क्लबांना अजिंक्यपदापर्यंत नेणारा, इंग्लिश फुटबॉलची मांडणीच बदलून टाकणारा हाच तो चॅपमन. माणसाची पारख हे त्याचं बळ होतं.

नॉर्थहॅम्प्टनला सुरुवातीला टल पुढच्या फळीतच खेळला, ब्रिस्टल रोव्हर्सविरुद्ध एका सामन्यात त्याने चार गोलही केले. पण त्याची खरी जागा सापडली ती हाफबॅकची. त्या काळच्या मांडणीत पाच जण पुढे, दोन मागे, आणि मधे तीन हाफबॅक. समोरच्या संघाचा हल्ला अडवायचा, हिसकावलेला चेंडू आपल्या पुढच्या पाचांपैकी योग्य त्याला द्यायचा आणि आजूबाजूच्या गड्यांना ओरडून जागेवर ठेवायचं, हे सगळं हाफबॅकचं काम. गोल करणाऱ्याचं नाव पेपरात छापून येतं, पण खेळ कुठल्या बाजूने वाहणार हे हाफबॅक ठरवतो. टलचा आवाज आणि त्याचा निर्णय त्याच्या संघातल्या गोऱ्या खेळाडूंनी शंभराहून अधिक सामन्यांत मानला. नॉर्थहॅम्प्टनसाठी तो १११ सामने खेळला. हे मला या कारकिर्दीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. पुढे रणांगणावर जे झालं त्याचं मूळ या जागेत आहे, असं मी मानतो. गोऱ्या माणसांना त्याचं ऐकायची सवय आधी मैदानावर लागली होती.

*

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं. इंग्लंडात क्रिकेट थांबलं, रग्बी थांबली, पण फुटबॉलची लीग सुरूच राहिली. क्लब आणि खेळाडू करारांनी बांधलेले होते. धट्टीकट्टी माणसं पैसे घेऊन चेंडू लाथाडताहेत आणि तिकडे फ्लँडर्समध्ये लोक मरताहेत, म्हणून वर्तमानपत्रांतून फुटबॉलवर झोड उठली. त्या टीकेत वर्गाचा तिटकाराही होता. हौशी खेळ वरच्या वर्गाचे, तर पगारी फुटबॉल गिरणी-खाणकामगारांचा. अखेर १५ डिसेंबर १९१४ रोजी लंडनच्या फुलहॅम टाउन हॉलात सभा झाली आणि मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी बटालियन, म्हणजे फुटबॉलपटूंची पलटण, उभी राहिली. पहिलं नाव फ्रँक बकलीने नोंदवलं. त्याने आधी फौजेत नोकरी केली होती, पैसे भरून सुटका करून घेतली होती आणि मग इंग्लंडकडून एक आंतरराष्ट्रीय सामनाही खेळला होता. सहा दिवसांनी, २१ डिसेंबरला, वॉल्टर टलने सही केली.

हंगाम संपेपर्यंत या खेळाडूंना शनिवारी क्लबसाठी खेळायला रजा मिळायची. आठवडाभर कवायत आणि शनिवारी सामना. टल लवकरच लान्स कॉर्पोरल, मग कॉर्पोरल आणि फ्रान्सला जायच्या सुमारास लान्स सार्जंट झाला. म्हणजे शिपाई म्हणून शिकत असतानाच त्याला गोऱ्या माणसांवर देखरेख करायला ठेवलं होतं. नोव्हेंबर १९१५ मध्ये पलटण फ्रान्सला उतरली.

खंदकांच्या लढाईबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी ते पुन्हा लिहीत नाही. टलबाबत एवढंच सांगायला हवं की १९१६ च्या मे महिन्यात त्याला इस्पितळात दाखल करावं लागलं. कागदावर निदान होतं ‘तीव्र उन्माद’. आज आपण त्याला स्फोटांच्या भडिमाराने झालेला मनाचा आघात म्हणू. बरा होऊन शरद ऋतूत तो पुन्हा आघाडीवर आला, यावेळी २३ व्या मिडलसेक्समध्ये, ती दुसरी फुटबॉल पलटण. सॉमची लढाई त्याने पाहिली. डिसेंबरात खंदकज्वराने पुन्हा आजारी पडून मायदेशी आला.

इथून गोष्ट वळण घेते. आजारातून उठलेल्या टलला परत रांगेत न पाठवता वरिष्ठांनी स्कॉटलंडमधल्या गेल्सच्या अधिकारी प्रशिक्षण शाळेत धाडलं. आणि ३० मे १९१७ रोजी तो सेकंड लेफ्टनंट झाला.

१९१४ च्या ब्रिटिश सैनिकी कायद्याच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं होतं की अधिकारपद शुद्ध युरोपीय वंशाच्या माणसालाच मिळेल. परदेशी किंवा काळ्या वर्णाचा शिपाई रांगेत भरती होऊ शकतो, पण प्रत्यक्ष हुकमत त्याच्या हाती द्यायची नाही. टलचा रंग लपण्याजोगा नव्हता. त्याच्या बापाचं मूळ कुणापासून दडलेलं नव्हतं. ज्या अधिकाऱ्यांनी त्याचं नाव पुढे पाठवलं, त्यांनी डोळे उघडे ठेवून पाठवलं. कारणं दोन दिसतात. पहिलं युद्धाची गरज. १९१६ च्या उन्हाळ्यात कनिष्ठ अधिकारी इतके मेले होते की ज्याला माणसं सांभाळता येतात असा प्रत्येक जण हवा होता. दुसरं कारण टल स्वतः. दोन वर्षं त्याच्याबरोबर फौजेत राहिलेल्यांना त्याची लायकी कागदावरून ठरवायची गरज उरली नव्हती.

टल हा ब्रिटिश फौजेतला पहिला काळा अधिकारी असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते तितकंसं खरं नाही. जमैकात जन्मलेला जॉर्ज बेमंड १९१५ मध्येच तोफखान्यात अधिकारी झाला होता. त्याने अर्जात युरोपीय वंशाच्या प्रश्नापुढे ‘होय’ लिहिलं होतं. कोण पहिला हा वाद मला दुय्यम वाटतो. पायदळाच्या पलटणीत, ज्याचा चेहरा देशभरचे फुटबॉलप्रेमी ओळखत होते असा माणूस, काही न लपवता अधिकारी झाला, हे त्यात मोठं आहे.

*

ऑगस्ट १९१७ मध्ये तो आपल्या २३ व्या पलटणीत अधिकारी म्हणून परतला. ज्यांच्याबरोबर तो सार्जंट म्हणून राहिला होता, त्यांतले काही आता त्याला सॅल्यूट करत होते. ईप्रच्या तिसऱ्या लढाईतल्या चिखलातून पलटण बाहेर पडली, तोवर इटलीत ऑस्ट्रिया आणि जर्मनीच्या फौजांनी इटालियनांची फळी फोडली होती. मदतीला धाडलेल्या ब्रिटिश डिव्हिजनांमध्ये टलची पलटणही गेली. आघाडी होती पियाव्हे नदीच्या काठी. नदीचं पात्र रुंद, पाणी डोंगरातून येणारं, हिवाळ्यात बर्फासारखं गार, आणि पलीकडच्या तीरावर शत्रूच्या चौक्या.

१९१८ च्या जानेवारीच्या पहिल्याच रात्री टलने आपल्या कंपनीच्या २६ जणांना घेऊन ही नदी ओलांडली. अंधारात शत्रूच्या हद्दीत शिरून टेहळणी आणि छापा घालायचा होता. गोळीबार झाला. तो सर्व २६ माणसांना एकही जखम न होता परत घेऊन आला. डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल सिडनी लॉफर्ड यांनी त्याच्या शौर्याची आणि शांत डोक्याची लेखी प्रशंसा केली. मँचेस्टरच्या सामन्यावर लिहिणारे पत्रकार आणि हा सेनापती, दोघांनाही त्याच्यात एकच गुण दिसला. घाई न करणं. पायाशी चेंडू असो की पाठीशी २६ माणसं, त्याला आधी सगळं मैदान बघून घ्यायची सवय होती.

मार्चच्या सुरुवातीला पलटण फ्रान्सला परत आली. २१ मार्चला जर्मनांनी आपला मोठा हल्ला सुरू केला आणि ब्रिटिश फळी मागे हटू लागली. २५ मार्च १९१८ रोजी फाव्रुय गावाजवळ माघारीच्या धुमश्चक्रीत टलला गोळी लागली. तो तिथेच पडला. लेस्टरकडून गोलरक्षक म्हणून खेळलेला टॉम बिलिंगहॅम हा त्याचा शिपाई त्याला ओढून मागे आणायचा प्रयत्न करत राहिला. जर्मन अगदी जवळ आल्यावर त्याला नाइलाजाने सोडावं लागलं. टलचा देह पुढे सापडला नाही. आरासच्या स्मारकावर, ज्यांना कबर नाही अशा हजारोंच्या नावांत, त्याचं नाव आहे. वय होतं २९.

पलटणीतल्या एका सहकारी अधिकाऱ्याने ग्लासगोला एडवर्डला पत्र लिहिलं. पलटणीत सगळ्यांना तो हवाहवासा होता, कर्तव्यात चोख होता, आणि त्याची मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकासाठी शिफारस झाली होती, असं त्या पत्रात आहे. माझा मित्र गेला, असंही त्याने लिहिलं.

*

आता आपल्याकडे येऊ. टल अधिकारी झाला त्या १९१७ च्या उन्हाळ्यानंतर लगेच, २० ऑगस्टला, भारतमंत्री माँटेग्यू यांनी पार्लमेंटात हिंदुस्थानच्या भावी राज्यकारभाराबद्दलचं प्रसिद्ध निवेदन केलं. हिंदुस्थानींना राजाचं कमिशन, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीचा हुद्दा, देण्यातली आडकाठी काढत असल्याचं त्याच वेळी जाहीर झालं. पहिले नऊ जण निवडले गेले, बहुतेक संस्थानी आणि सरदार घराण्यांतले. पुढे इंदूरच्या डेली कॉलेजात तरुणांना शिक्षण देऊन १९१९ च्या अखेरीस अधिकारी केलं गेलं. नंतरचे फील्ड मार्शल करिअप्पा त्यांतले. विमानदलात गरज आणखी निकडीची होती. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंगकर हा केंब्रिजचा मराठी तरुण लढाऊ वैमानिक झाला. जून १९१८ च्या अखेरीस जर्मन हद्दीत त्याचं विमान पडलं, तो शत्रूच्या कैदेत जखमांनी गेला आणि सॉमच्या भागातल्या हँगार्ड गावी त्याची कबर आहे. टल पडला त्याच्या तीन महिन्यांनंतर, आणि फार लांबही नाही.

रांगेतल्या शिपायाची कहाणी याहून कडू. कंपनीच्या राज्यापासून मुंबई इलाख्याच्या पलटणींत लढत आलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात थांबवली गेली. ‘लढवय्या जाती’ नावाचा एक सिद्धान्त साहेबांनी रचला होता आणि त्यात त्यांना बसवलं नव्हतं. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये विलायतेच्या सरकारकडे अर्ज करून हा अन्याय मांडला. दाद लागली नाही. युद्धात माणसं कमी पडू लागल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली गेली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडून टाकली. आजची महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१, म्हणजे पुन्हा एक महायुद्ध, यावं लागलं. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत वेशीला किंवा चावडीत संगमरवरी पाटी दिसते, या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, इतके परत आले नाहीत, असं सांगणारी. पाटीवर आकडे आहेत, माणसांची नावं नाहीत.

अधिकाऱ्यांचं काय केलं? १९२३ मध्ये सेनापती रॉलिन्सन यांनी आठ पलटणींची योजना आणली. राजाचं कमिशन मिळालेले हिंदुस्थानी अधिकारी फक्त या आठ पलटणींत घालायचे. बाहेरून ती प्रगती दिसायची. आतला हेतू असा की कुठल्याही गोऱ्या अधिकाऱ्यावर हिंदुस्थान्याच्या हाताखाली काम करायची वेळ येऊ नये. त्या आठांत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन होती, आणि ७ वी व १६ वी लाइट कॅव्हलरी होती. या दोन घोडदळांच्या आज रणगाड्यांच्या रेजिमेंट आहेत. त्यांच्या कोअरचं माहेरघर नगरच. पियाव्हे नदी एका काळ्या अधिकाऱ्यामागे २६ गोरी माणसं ओलांडून जाऊन आली, त्याला तेव्हा पुरती सहा वर्षंही झाली नव्हती. युद्धाने जे करून दाखवलं होतं ते शांततेने कागदावरून पुसायला घेतलं.

खुद्द ब्रिटनमध्येही तेच झालं. टलने नियम मोडला गेल्याचं उदाहरण घालून दिलं, पण नियम जागच्या जागी राहिला. तो बाजूला सरला ऑक्टोबर १९३९ मध्ये, तोही दुसऱ्या महायुद्धाच्या काळापुरता असं सांगून. १९४० मध्ये लंडनच्या आरंडेल मूडीला कमिशन मिळालं, तेव्हा टलला जाऊन २२ वर्षं झाली होती.

टलची स्वतःची आठवणही दीर्घकाळ एका कुटुंबाच्या कपाटातच राहिली. फिल व्हासिली या संशोधकाने ती कागदपत्रं अभ्यासून त्याचं चरित्र लिहिलं, आणि १९९९ मध्ये नॉर्थहॅम्प्टनने आपल्या नव्या मैदानाशेजारी त्याचं स्मारक उभारलं. मिलिटरी क्रॉस मात्र अजून मिळालेला नाही. शिफारशीचा मूळ कागद सापडत नाही, आणि १९७९ पर्यंत हे पदक मरणोत्तर देण्याची पद्धतच नव्हती, अशी अडचण सरकारकडून पुढे केली जाते. ब्रिटिश खासदार आणि टलचे कुटुंबीय ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरत आहेत. मला ती मागणी रास्त वाटते. ज्या फौजेने त्याच्यासाठी स्वतःचा छापील नियम बाजूला ठेवला, तिला पदकाच्या नियमातूनही वाट काढता येईल. २५ मार्च १९१८ ला तो मेला नसता आणि काही आठवडे जगला असता, तर ती शिफारस कदाचित त्याच्या हयातीत पुढे सरकली असती.